उंबऱ्याबाहेरची

मंगळवारी भर दुपारी बुलोर पहिल्यांदा दिसली. मेलेल्या माणसानं यायची ही काय वेळ झाली? बाहेर ऊन मी म्हणत होतं, कोपऱ्यावरचा नानवाला भट्टीला शिव्या देत होता आणि सिव्यो सुईण आपल्या उंबऱ्याशी बसून खरबुजाच्या बिया निवडत होती. तिनं मान वर केली तर अंगणात, तुतीच्या झाडाखाली, एक बाई उभी. ओले केस पुढं तोंडावर आलेले. अंगावर निळी शाल, आणि शालीची कड दोन्ही हातांनी छातीशी गच्च धरलेली.

"बुलोर?" सिव्यो म्हणाली.

बुलोर जाऊन सहा वर्षं झाली होती. सिव्योनंच तिला शेवटची अंघोळ घातली होती, ओले केस तिनंच विंचरले होते, कफनाला टाके तिनंच घातले होते. अख्ख्या बुखाऱ्यात निळीच्या शाली फक्त आमच्या यहुद्यांच्या महल्ल्यात रंगवतात, आणि आमच्या महल्ल्यात असली गडद निळी फक्त बुलोरच्या नवऱ्याला जमायची. दुसरं कोण असणार?

"ये ना आत," सिव्यो म्हणाली. "उन्हात काय उभी राहिलीस?"

ती आली नाही. बोललीही नाही. गल्लीत कुणाचं तरी गाढव ओरडलं, सिव्योची पापणी लवली, आणि झाडाखाली नुसती सावली राहिली. सिव्यो धडपडत उठली आणि परातीतल्या बिया सगळ्या मातीत गेल्या.

बुलोर का आली ते सिव्योला पक्कं ठाऊक होतं. त्याच सकाळी, पहाटेच्या प्रार्थनेचं शिंग फुंकून झाल्यावर, महल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांनी नवा कलोंतर ठरवला होता. जुना कलोंतर उन्हाळ्यातल्या तापानं गेला, आणि कलोंतराशिवाय महल्ला म्हणजे धन्याशिवाय घर. भांडणं कोण मिटवणार? अमीराच्या किल्ल्यात कोण जाणार? नाव निघालं आणि एकाही माणसानं नाक मुरडलं नाही. आमच्यात असं होत नसतं हो. आमच्यात दोन माणसं जमली की तीन मतं पडतात. पण अबोखायच्या नावाला सगळ्यांनी माना डोलावल्या. अबोखाय रंगारी. बुलोरचा मुलगा.

आणि तो बुलोरचा मुलगा नव्हता. हे जगात एकट्या सिव्योला माहीत होतं.

चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बुलोरला सात वर्षं मूल नव्हतं. आठव्या वर्षी राहिलं, आणि आलं ते मेलेलं आलं. बाई रक्त जाऊन बेशुद्ध पडली होती. नवरा बाहेर हौदाशी बसून प्रार्थना पुटपुटत होता. सिव्यो तेव्हा तिशीची. मेलेलं पोर फडक्यात गुंडाळून ती उभीच होती, तेवढ्यात वेशीबाहेरच्या एका बागेतून माणूस पळत आला. तिथल्या मालकाची एक इराणी गुलाम बाई अडली होती, आणि त्यांची सुईण मिळत नव्हती. सिव्यो गेली. बाई गोठ्यात पेंढ्यावर पडली होती, घामानं केस निथळत होते. पोर आलं, धडधाकट, रडून रडून लाल झालेलं. बाईनं एकदा हात पुढं केला आणि संपली. मुकादम दारात उभा होता. म्हणाला, "ते पोरही जाईल आता दूध नसल्यावर. टाक कुठंतरी."

टाकते मी! सिव्योनं पोर आपल्या झग्यात घेतलं आणि तशीच पळत सुटली, ती थेट बुलोरच्या घरी. बुलोरला शुद्ध आली तेव्हा पोर तिच्या छातीशी होतं. मेलेलं पोर सिव्योनं आपल्या अंगणात पुरलं आणि वर तुतीचं रोप लावलं. आठव्या दिवशी अबोखायची सुंता झाली, मिठाई वाटली, सिव्योला नवी ओढणी मिळाली. त्या दिवशी तिला वाटलं होतं, आपण आयुष्यात एक तरी काम देवाला आवडेल असं केलं. वाटायला काय हरकत होती?

पण आमच्याकडं रीत आहे. नव्या कलोंतरानं पहिल्या शब्बाथला, म्हणजे शनिवारी, प्रार्थनाघरातल्या चौथऱ्यावर चढायचं, धर्मग्रंथाची गुंडाळी उघडायची आणि त्या आठवड्याचा भाग स्वतः वाचायचा. आणि यंदा योग असा की उन्हाळा उतरतानाचा तो भाग आला, ज्यात राजाचा नियम आहे: तुझ्या भावांमधलाच माणूस स्वतःवर नेम; जो तुझा भाऊ नाही तो परका तुला स्वतःवर नेमता येणार नाही. अबोखाय हे आपल्या तोंडानं वाचणार, आणि बुलोर अंगणात उभी राहून बघणार.

बुधवारी ती दोनदा आली. तीच शाल, तेच केस. एकदा कोंबड्यांपाशी, एकदा अगदी उंबऱ्याला लागून. उंबरा मात्र ओलांडत नव्हती. सिव्योला त्याचंच कोडं पडलं. जिवंतपणी बुलोर कधी दार वाजवून आली नव्हती. सरळ आत यायची, भांड्यावरचं झाकण उचलून बघायची आणि मीठ कमी आहे म्हणायची. आता काय एवढं परकेपण? सिव्योनं ताट बाजूला सारलं. ती उठली आणि मुल्लोकडं गेली.

आमच्यात शिकलेल्या माणसाला मुल्लो म्हणतात. मुल्लो पिन्हास महल्ल्यातला सगळ्यात शिकलेला आणि सगळ्यात चिडका. द्राक्षाच्या मांडवाखाली पुस्तकावर डुलक्या घेत होता.

"मुल्लो, एक विचारायचंय."

"बीबी, तू विचारायला आलीस म्हणजे कुणीतरी मेलंय नाहीतर जन्मलंय."

"परका माणूस डोक्यावर बसवू नये, असं का सांगितलंय? परके काय सगळे वाईट असतात?"

"वाईट कोण म्हणतं?" मुल्लो सावरून बसला. असं काही विचारलं की त्याची झोप उडायची. "परका आपल्या दहाजणांपेक्षा चांगला असेल. प्रश्न चांगुलपणाचा नाहीच मुळी. हे बघ, आपल्या कलोंतराचं खरं काम काय? वर्षातून एकदा कर घेऊन किल्ल्यात जायचं आणि सगळ्या महल्ल्याच्या वतीनं मानेवर थप्पड खायची. ती थप्पड बसते तेव्हा ज्याच्या मागं दुसरा दरवाजा उघडा असतो, त्याची नजर तिकडं जाते. जाणारच, माणूस आहे. ज्याला दुसरा दरवाजाच नाही, तो उभा राहतो. शूर असतो म्हणून नाही गं. जाणार कुठं?"

"आणि दुसरा दरवाजा असून उभा राहिला तर?"

मुल्लोनं पुस्तक मिटलं. "तर तो संत. पण नियम काय संतांसाठी करतात होय? तुझ्या-माझ्यासाठी करतात."

मग त्यानं ती जुनी गोष्ट सांगितली. फार पूर्वी आपल्या लोकांचा एक राजा होता, भला होता, पण त्याचं घराणं मूळचं परकं. मंदिरात सगळ्यांसमोर उभा राहून वाचत असताना हे वाक्य आलं आणि त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. लोक कळवळले. ओरडले, भिऊ नकोस, तू आमचा भाऊ आहेस, आमचा भाऊ आहेस!

"बरं केलं की," सिव्यो म्हणाली.

"बरं केलं? जाणते म्हणाले, त्याच घटकेला आपला नाश वर लिहिला गेला. राजाला खूश करायला खोटं बोलले म्हणून."

"एवढ्याशा गोष्टीसाठी?"

"एवढ्याशाच." मुल्लोनं डोळे बारीक केले. "बीबी, कुणाच्या बाळंतपणाचं बोलतेयस तू?"

"माझ्या मेल्या डोक्याचं," असं म्हणून सिव्यो उठली, ती चप्पल उलटी घालूनच घरी आली.

गुरुवारी तिनं ठरवलं, आडून सांगून बघायचं. अबोखायच्या कारखान्यात निळीचे रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले. तो बांबूनं रेशीम ढवळत होता. कोपरापर्यंत हात निळे, कमरेला आम्हा यहुद्यांना बांधावी लागते ती दोरी, आणि तोंडावर ते हसू, ज्याच्यावर सगळा महल्ला भाळला होता.

"ये बीबी! खरबूज आणलंय का उपदेश?"

"तुला उपदेश देऊन काय करू, शिरायला जागा तर पाहिजे! अबोखाय, ऐक. कलोंतर होऊ नकोस."

"का? माझी मान बघितलीस? बैलाची आहे. अमीराच्या माणसाचाच हात सुजेल."

"हसण्यावारी नेऊ नकोस. नाही म्हणून सांग."

"आता कसं सांगू? हो म्हणून बसलोय. आता मागं सरलो तर थप्पडेला भ्यालो म्हणतील. माझ्या पोरांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही." मग त्यानं बांबू थांबवला. "काय झालं, बीबी? तुझा चेहरा असा का झालाय?"

कारण ती फाटकाशी उभी होती. फाटकाच्या बाहेर, उंबऱ्यापलीकडं, निळी शाल छातीशी धरून. अबोखायला दिसत नव्हती. सिव्योचा धीर सुटला. इतकी वर्षं जे पोटात ठेवलं ते तिथल्या तिथं ओकली. गोठा, पेंढा, मुकादम, मेलेलं पोर, तुतीचं झाड. बोलताना ती अबोखायच्या चेहऱ्याकडं बघतच नव्हती, त्याच्या हातांकडं बघत होती.

रांजणात बुडबुडे आले आणि फुटले.

"आईला ठाऊक होतं?" त्यानं विचारलं.

"नाही रे. देवाशपथ, नाही."

"मला वाटतं, होतं. जायच्या आदल्या दिवशी म्हणाली, सिव्योला कधी दुखवू नकोस, तिनं तुला माझ्यासाठी आणलं. मी म्हटलं, सुईणच ती, आणणारच." त्यानं निळ्या हातानंच डोळे पुसले, कपाळावर पट्टा उमटला. "आणि ती दुसरी? तिचं नाव काय होतं?"

सिव्यो रांजणाकडं बघू लागली.

"बीबी, नाव?"

"विचारलं नाही," सिव्यो म्हणाली. "तुला घेतलं आणि पळाले. नाव विचारायचं सुचलंच नाही मला."

"पुरली कुठं?"

"ते पण माहीत नाही. मी फक्त माझी शाल तिच्या तोंडावर..."

ती बोलता बोलता थांबली. त्या वर्षी सणाला बुलोरच्या नवऱ्यानं सिव्योला दिलेली शाल. गडद निळी. गोठ्यातून निघताना सिव्योनं तीच त्या बाईच्या तोंडावर पांघरली होती. आणि ते केस पाण्यानं भिजलेले नव्हतेच, घामानं भिजलेले होते. सिव्योनं फाटकाकडं पाहिलं. भूत आलं तरी आपलंच असणार, असं धरून चालली होती ती! चार वेळा ती बाई आली आणि चारही वेळा सिव्योनं तिला दुसरीच्याच नावानं ओळखलं होतं. ती बिचारी आत कशी येणार? तिला कुणी बोलावलंच नव्हतं.

सिव्यो रडली. अबोखायनं तिला पाणी दिलं. रडायचं त्यानं, तर उलट तोच तिला पाणी देत होता.

शुक्रवारी सकाळी दोघं मुल्लोकडं गेले. सगळं ऐकून म्हातारा पांढराफटक पडला. एक तर अमीराच्या माणसांच्या कानावर गेलं, की मुसलमान बाईचं पोर यहुद्यांनी वाढवलं, तर महल्ल्यात घर उभं राहणार नाही. आणि दुसरं म्हणजे, परक्याला धर्मात घ्यायचा विधीच झालेला नव्हता, तेव्हा अबोखाय यहुदी तरी होता का? त्याच दुपारी मुल्लोनं आपल्या दोन थोरल्या मुलांना शपथ घालून साक्षीला घेतलं आणि अबोखायला शुद्धीच्या कुंडात बुडी मारायला लावली. शब्बाथच्या आधी सगळेच बुडी मारतात, कुणाला काही वाटलं नाही.

"आता तू आमचा," मुल्लो म्हणाला. "आमच्यात जेव, आमच्यात वाच, मेलास की आमच्यात पुरू. पण नियम तिथंच आहे. बाहेरून आलेल्यानं भाऊ व्हावं, वर बसू नये." मग त्याचा आवाज पडला. "आणि तू नाही म्हणालास तर हिझ्कियो बसेल, तो बडबड्या सावकार, ज्याला स्वतःच्या बायकोपुढं तोंड उघडता येत नाही. कुणाला कळणार आहे रे? मी म्हातारा, ही म्हातारी, माझी पोरं शपथेत बांधलेली. चार दिवसांत आम्ही जाऊ..."

"मुल्लो," सिव्यो म्हणाली, "परवा तुम्हीच सांगितलंत, नाश कशानं लिहिला गेला ते."

मुल्लो घराकडं वळला. अबोखायनं काय करणार ते सांगितलं नाही. तो ओल्या केसांनी घरी गेला, आणि सिव्योला सगळी वाट एकच काळजी: हा उद्या वाचताना काय करेल?

शब्बाथला प्रार्थनाघर फुलून गेलं होतं. बायका वरच्या खिडक्यांना चिकटलेल्या. अबोखाय चौथऱ्यावर चढला, चांदीची काडी ओळीवर ठेवली आणि वाचायला लागला. आवाज असा खणखणीत की खाली म्हातारे डोळे मिटून डुलत होते. सिव्योनं खिडकीची जाळी दोन्ही हातांनी धरली होती. न्यायाधीशांचं झालं. साक्षीदारांचं झालं. राजाचं आलं.

तुझ्या भावांमधलाच माणूस, असं वाचून तो थांबला. काडी थांबली. खाली कुणीतरी खाकरलं. मग सगळ्यांनी पाहिलं, अबोखायच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं.

लोकांना काय वाटलं असेल? नम्र आहे, एवढ्या मानानं भरून आलंय. हिझ्कियोच आधी ओरडला, "भिऊ नकोस, अबोखाय! तू आमचा भाऊ आहेस!" आणि मग सगळं प्रार्थनाघर ओरडलं, खालून, वरून, बायकासुद्धा: तू आमचा भाऊ आहेस, आमचा भाऊ आहेस! छत हललं. मुल्लोच्या गोष्टीतले तेच शब्द, अगदी तेच. फक्त मुल्लो पिन्हास चौथऱ्याची कड धरून खाली मान घालून उभा होता. त्याचे ओठ हलले नाहीत.

अबोखायनं ते वाक्य शेवटपर्यंत वाचलं. एकही अक्षर गिळलं नाही. मग म्हणाला, "भाऊ म्हणालात, तेवढं मला पुरे. भावाला तुमच्यात खाली बसू द्या. कलोंतर दुसरा बघा." आणि खाली उतरून, सगळ्यात मागच्या ओळीत, दाराजवळ जाऊन बसला.

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. शब्बाथ आहे याचंही कुणाला भान राहिलं नाही. आणि शब्बाथ उलटायच्या आत महल्ल्यानं कारण शोधून काढलं: थप्पडेला भ्याला. "एवढा बैलासारखा माणूस आणि काळीज सशाचं!" हौदावर पाणी भरताना बायका म्हणायला लागल्या. ज्या तोंडांनी भाऊ म्हटलं होतं, त्याच तोंडांनी. अबोखायचा थोरला मुलगा बाजारातून ओठ फुटून आला. अबोखाय निमूटपणे रेशीम ढवळत राहिला. सिव्योला वाटायचं, हौदाच्या काठावर उभं राहून ओरडावं, की अगं भवान्यांनो, तुम्हाला काय कळतंय! पण ओरडली असती तर त्यांचीच घरं जळली असती. तेव्हा घागर भरायची आणि खाली मान घालून घरी यायचं. हीच तिची शिक्षा होती, आणि ती ओळखून होती.

हिझ्कियो कलोंतर झाला. किल्ल्यातून पहिल्यांदा परत आला तेव्हा मान सुजलेली आणि बाई रडते तसा रडत होता. पुढच्या वर्षी आठवडाभर आधीपासून कण्हत होता. पण गेला. दरवर्षी गेला. त्याला दुसरीकडं जायला जागाच नव्हती.

आणि ती? ती अजून यायची. सिव्यो आता तिला बुलोर म्हणत नव्हती. काय म्हणावं तेच कळत नव्हतं.

त्या शब्बाथनंतर महिन्याभरात एक दिवस अबोखाय आला आणि म्हणाला, "बीबी, तिच्यासाठी युशवो करायचा. तुझ्या घरी. कुणी विचारलं तर तुझी लांबची नातलग म्हणू." आमच्यात मेलेल्या माणसाचा दिवस असा करतात: माणसं जमवायची, नान, फळं, पुलाव मांडायचा, एकेका पदार्थावर आशीर्वाद म्हणायचा, आणि मुल्लोनं नाव घेऊन प्रार्थना करायची. त्याशिवाय मेलेलं माणूस दारोदार फिरत राहतं. त्या बाईला फिरून चाळीस वर्षं झाली होती.

दिवस मावळायच्या आत माणसं जमली. प्रार्थनेला दहा पुरुष तर हवेतच, ते आले. भ्याला म्हणणारेही जेवायला आले. सिव्योनं दोन्ही दारं सताड उघडी ठेवली होती. नान झालं, द्राक्षं झाली, खरबूज झालं. ती तुतीखाली उभी होती, केस तोंडावर, शाल छातीशी.

मुल्लो उभा राहिला. "नाव?" त्यानं विचारलं. त्याला सगळं ठाऊक होतं, पण नावाशिवाय प्रार्थना होत नाही, त्याचाही नाइलाज होता. अबोखायनं सिव्योकडं पाहिलं. चाळीस वर्षांचा बाप्या, पण नजर लहान पोराची झाली होती.

"सिव्यो," सिव्यो म्हणाली.

"बीबी, ते तुझं नाव आहे," हिझ्कियो पुटपुटला. "जिवंत माणसाच्या नावानं मेलेल्याची प्रार्थना? थू थू थू, असं बोलू नये!"

"एका नावाच्या दोन बाया नसतात का जगात? माझ्या नातलगीचं नाव मला माहीत का तुला? मुल्लो, म्हणा तुम्ही. सिव्यो."

मुल्लोनं तिच्याकडं पाहिलं. मग डोळे मिटले आणि म्हणायला लागला, आणि प्रार्थनेत ते नाव आलं तेव्हा सिव्योनं स्वतःचं मरण आपल्या कानांनी ऐकलं. पण तिनं मान वळवली नाही. ती दाराकडं बघत होती.

हाक ऐकल्यासारखं त्या बाईनं डोकं वर केलं. केस मागं सारले. पहिल्यांदाच तिचा चेहरा दिसला. वीस-एकवीस वर्षांची पोर होती, आणि भुवया हुबेहूब अबोखायच्या. तिनं उंबरा ओलांडला. पुरुषांच्या मधून आली, अबोखायच्या पाठीशी क्षणभर थांबली, आणि मग सिव्योशेजारी सतरंजीवर येऊन बसली.

सिव्योनं नानाचा तुकडा मोडून तिच्यापुढं ठेवला. बाकीच्यांना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं.

त्यानंतर ती कधी दिसली नाही. सिव्यो अजून अकरा वर्षं जगली, शंभरेक पोरं तिच्या हातावर जन्मली. पण त्या दिवसानंतर कुणी तिला सिव्यो म्हणून हाक मारली, तर ती ओ देत नसे. बीबी म्हणा, म्हातारे म्हणा, काही म्हणा, म्हणायची; ते नाव मी एकीला देऊन टाकलंय.